सहावं काडतूस

रुचिर : पण आई, मी तुला बंदुकीला हात लाव म्हणतच नाहीये. या पानावर काडतुसं भरायच्या साच्यांचे, म्हणजे डायचे, पाच प्रकार आहेत, त्यातल्या कुठल्या मागवू तेवढं सांग.

वनिता : या घरात तो विषय नको म्हणून किती वेळा सांगितलंय. चहा गार होतोय तुझा.

रुचिर : होऊ दे. उद्या सकाळी विमान आहे, मग तीन वर्षं मी टेक्सासला. तिथून फोनवर विचारलं तर तू फोन ठेवशील.

वनिता : ठेवीनच. कंपनी तुला पंप विकायला पाठवतेय की गोळ्या झाडायला?

रुचिर : पंपच विकायचेत. पण तिथे ऑफिसातले सगळे शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातात. साहेब त्याचं जुनं रिव्हॉल्व्हर मला वापरायला देणार आहे. अट एकच, काडतुसं आपली आपण भरायची.

वनिता : विकत मिळत नाहीत का?

रुचिर : मिळतात की. पण मी बढाई मारून बसलोय, माझी आई यात वस्ताद आहे म्हणून.

वनिता : हे तू ऑफिसात सांगितलंस? माझं नाव घेऊन?

रुचिर : अगं, टेक्सासहून कुठला पोलीस येणार आहे इथे शहरात, फुनाबोरीला, तुझ्या दाराची बेल वाजवायला?

वनिता : तुला काय जातंय बोलायला. सोळा वर्षं मी तुझ्या बाबांची काडतुसं भरली आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. लायसन त्यांचं. जपानात ज्याच्या नावाचं लायसन त्यानेच बंदुकीच्या दारूला हात लावायचा. बायकोनेसुद्धा नाही, आणि ती बायको पुण्याहून आलेली असेल तर मुळीच नाही.

रुचिर : तिकडे आपल्या जुन्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आई. शेजारचे मोरिताकाका तर बाबांना म्हणायचे, तेत्सुओ, तुझ्या काडतुसाच्या तोंडाला मोदकासारख्या पाकळ्या असतात.

वनिता : मोरितासान काहीही बोलायचे. त्यांना मोदक काय माहीत?

रुचिर : दर गणपतीला तूच पाठवायचीस ना त्यांच्याकडे. ते जाऊ दे. नसेल सांगायचं तर मी आपला ही तीन डायची पेटी मागवतो. पहिली डाय काडतुसाची रिकामी पुंगळी मापात आणते, दुसरी तिचं तोंड उघडते, तिसरी डाय गोळी बसवून त्याच झटक्यात तोंड बंदही करते. स्वस्तात मस्त.

वनिता : त्याच झटक्यात?

रुचिर : हो. एक काम वाचतं.

वनिता : चष्मा दे माझा. फ्रिजवर आहे. आणि तो लॅपटॉप इकडे वळव.

रुचिर : हा घे.

वनिता : रिव्हॉल्व्हर म्हणालास ना? मग ही काडतुसं तर पिस्तुलाची दिसतायत.

रुचिर : तीच गंमत आहे. ते रिव्हॉल्व्हर पिस्तुलाची काडतुसं घेतं. सहा काडतुसं एका पातळ पट्टीत अडकवायची आणि पट्टीसकट फिरत्या चकरीत बसवायची.

वनिता : तरी म्हटलं. तुझे आजोबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात याच कामावर होते. अशा काडतुसांना ते उलट्या काळजाची म्हणायचे. हे बघ, रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या गोळीला कमरेशी खाच असते. पुंगळीचा काठ त्या खाचेत आत वळवायचा, करंजीला मुरड घालतो तसा. पिस्तुलाच्या गोळीला खाच नसते. तिथे मुरड घालायला गेलास तर गोळीच चेपेल.

रुचिर : मग?

वनिता : मग वळवायचं नाही, नुसतं चेपायचं. काठ सरळ, पण घट्ट. शिवाय ही पुंगळी आपल्या काठावर टेकून बसते, काठ वळवलास तर ती हवी त्यापेक्षा आत जाईल. म्हणून चेपणारी डाय घे, आणि ती वेगळी घे. आधी सगळ्या गोळ्या बसवून घ्यायच्या, मग डाय बदलून सगळ्यांची तोंडं दाबायची. एकाच झटक्यात दोन्ही करायला गेलं की गोळी खाली सरकत असते आणि काठ तिला ओरबाडत असतो.

रुचिर : म्हणजे चार डायची पेटी.

वनिता : चार. आणि पहिली ती कठीण धातूची घे, म्हणजे पुंगळ्यांना तेल चोळत बसायला नको. दारू किती ते मला विचारू नकोस, ते पुस्तकात बघायचं, अंदाजपंचे नाही.

रुचिर : आणि घट्ट किती दाबायचं ते कसं कळणार?

वनिता : सहा भर. पाच उडव. सहावं उडवायचं नाही. ते काढून मोज, भरताना जेवढं लांब होतं तेवढंच आहे का बघ.

रुचिर : सहावंच का?

वनिता : कारण जी गोळी सुटते तिचं काय, ती गेली. पण प्रत्येक धक्क्याला ज्या मागे थांबलेल्या असतात त्या जागच्या हलतात. दर वेळी केसभर पुढे सरकतात. बाहेरून काही दिसत नाही. पाच धक्के खाल्लेलं सहावं काडतूस कधीकधी इतकं पुढे येतं की चकरी अडकते. मग पुढेही जात नाही नि मागेही नाही.

रुचिर : आई.

वनिता : काय?

रुचिर : थांबलीस का?

वनिता : काही नाही. मागव ती चारची पेटी. झालं ना तुझं काम?

(बाहेर वॉर्डाच्या लाउडस्पीकरवर रोजची पाचची धून वाजते. ती संपेपर्यंत वनिता टेबलाची कड धरून बसते.)

रुचिर : अजून टेबल धरतेस.

वनिता : सवय आहे. सहा वर्षं झाली, रोज पाचला वाजतं, रोज मला माहीत असतं की नुसती धून आहे. तरी पहिला सूर आला की वाटतं आता तो माणूस बोलायला लागेल, त्सुनामी येतेय, उंचावर जा, उंचावर जा. तू घे रे चहा, गरम करून देऊ का?

रुचिर : चहा नको. त्या दिवशी तू काय करत होतीस, आई?

वनिता : कुठल्या दिवशी?

रुचिर : माहितीये तुला.

वनिता : भूकंप झाला तेव्हा सगळे जे करत होते तेच. घरात होते.

रुचिर : घरात काय करत होतीस?

वनिता : तू याचसाठी आणलास ना हा विषय? डायचं निमित्त.

रुचिर : डाय हव्याच आहेत. पण हो, याचसाठीही. मी उद्या जातोय. दर मार्चला येतो, तू पुरणपोळी करतेस, बाबांच्या फोटोला नैवेद्य दाखवतेस आणि एक अक्षर बोलत नाहीस. मला भीती वाटते की मी परत येईन तेव्हा विचारायला तूच नसशील.

वनिता : तिखट आहे तुझी जीभ, बाबांसारखी नाही.

रुचिर : सांग.

वनिता : जेवणाच्या टेबलावर काडतुसं भरायचा प्रेस लावला होता. रानडुकरं मोरितासानच्या बटाट्यात शिरली होती, म्हणून तुझ्या बाबांना पंचवीस काडतुसं हवी होती. बरीचशी झाली होती. काहींमध्ये दारू, छर्रे घातलेले, तोंडं तेवढी उघडी. तेवढ्यात जमीन हलायला लागली ती थांबेचना. बाबा शेडमधून धावत आले, माझा हात धरला आणि आम्ही शाळेच्या टेकडीवर गेलो. दोघंही नीट पोचलो. ऐकतोयस ना? दोघंही पोचलो होतो.

रुचिर : ऐकतोय.

वनिता : वर गेल्यावर मला टेबल आठवलं. मी त्यांना म्हटलं, प्रेस तसाच आहे, दारूचा डबा उघडा आहे, माझा एप्रन खुर्चीवर आहे. घर पडलं आणि लोक मदतीला आले तर पहिलं तेच दिसेल. पुढच्या महिन्यात पोलिसांची तपासणी होती. तुमचं लायसन जाईल, म्हटलं, आणि मला पुण्याला धाडतील. ते हसले. म्हणाले, पंधरा मिनिटांत येतो. रेडिओवर तीन मीटरची लाट सांगत होते, आमचं घर त्याहून उंचावर होतं. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. मला ते जायलाच हवे होते, रुचिर. मी वरून बघत होते आणि मनात म्हणत होते, लवकर जा, कुणी बघायच्या आत.

रुचिर : हं.

वनिता : नंतर सगळे म्हणाले, बंदूक आणायला गेला. अंत्यविधीला तुझे काका म्हणाले, बायकोपोरापेक्षा त्याला बंदूक जास्त. मी भात वाढत राहिले. नाही म्हणाले नाही. मेलेल्या माणसावर खोटा आळ येऊ दिला, कारण खरं सांगितलं तर तू माझ्याकडे कसं बघशील याची भीती. तूही मान खाली घालून बसला होतास. मला वाटलं, तुलाही तेच खरं वाटतंय. बरंच झालं, म्हटलं. इतकी मी वाईट.

रुचिर : वाईट नाहीस.

वनिता : ते येतात, तुझे बाबा. तुला वाटेल मला वेड लागलंय. रोज नाही, मार्चमध्ये येतात. दाराशी बूट काढायच्या जागी उभे राहतात, बूट ओले असतात. वर येत नाहीत. मी नुसतं ‘या’ म्हटलं तर येतील कदाचित, पण माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू?

रुचिर : आई, मी मान खाली घातली होती कारण मला माहीत होतं.

वनिता : काय माहीत होतं?

रुचिर : बाबा बंदूक आणायला गेले नव्हते ते. त्यांनी घरून फोन केला होता मला. दुपारी तीन अठराला.

वनिता : क्योतोला? तुला?

रुचिर : तुझा मोबाइल लागत नव्हता म्हणून. आमच्याकडे नुसता दिवा हलला होता. शेजारच्या खोलीत टीव्ही लागला होता, मुलं जमली होती, मी टेबलापाशीच बसून होतो. फोनवर ‘घर’ असं नाव दिसलं आणि मला वाटलं, झालं, आता थीसिस कुठवर आला विचारणार. मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला. मग बाबांनी निरोप ठेवला.

वनिता : काय म्हणाले?

रुचिर : म्हणाले, प्रेस आणि दारू कपाटात ठेवली, कुलूप लावलं, कुणी पाहिलं नाही, आईला सांग. मग म्हणाले, चार पुंगळ्या उघड्या राहिल्या होत्या, त्या तशा ठेवणं बरं नाही, म्हणून बसून बंद केल्या. तिच्यासारख्या पाकळ्या आल्या नाहीत.

वनिता : चार?

रुचिर : चार.

वनिता : मला चारांना दोन मिनिटं लागतात. त्यांना दहा लागायची.

रुचिर : मी फोन उचलला असता तर पलीकडच्या खोलीत जाऊन टीव्ही बघितला असता. म्हटलं असतं, बाबा, पळा. दहा मिनिटं तरी होती. टेकडी सातच मिनिटांवर.

वनिता : सहा वर्षं तू हे घेऊन बसलास आणि मला बोलला नाहीस?

रुचिर : तू बोलायची वाट बघत होतो. मी आधी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, का नाही उचललास.

वनिता : आत्ता विचारते. का नाही उचललास?

रुचिर : कंटाळा आला होता. दुसरं काही कारण नाही, आई. नुसता कंटाळा.

वनिता : आणि मी भीतीपोटी पाठवलं. तुला राग येतो माझा?

रुचिर : येतो कधीकधी. आज ऐकताना आला. तुला?

वनिता : आत्ता आलाय, तुझा. जाईल. त्यांचाही आलाय. चार काडतुसांसाठी कुणी बसतं का? उघडीच टाकून यायचं होतं की.

रुचिर : बाबांना नसतं जमलं ते.

वनिता : नसतंच जमलं. आहे का तुझ्याकडे तो निरोप अजून?

रुचिर : फोन तीनदा बदलला, पण आहे. चाळीस सेकंदांचा आहे.

वनिता : लाव. आवाज जरा मोठा ठेव, मला हल्ली कमी ऐकू येतं.