एफीच्या हातची स्कॉच

ठेवलास ना ग्लास खाली? — नाही टॉर्किल, ठसका-बिसका काही लागला नाही तुला, मी पाहिलं की. नाकाशी नेलास, घोट जिभेवर फिरवलास, आणि एकदम खिडकीबाहेर बघायला लागलास. अख्खा जन्म तुझा व्हिस्कीच्या गोदामात पिंपं हुंगण्यात गेला, तुला कोण फसवणार — मी? मेंढ्या राखणारा म्हातारा? बरं, थोडं पाणी घाल बघू. पाण्यानं वासाला जरा मोकळी होते. अजून थेंबभर... नाही ना? नाहीच व्हायची. बाटली खरी आहे, महागड्या सिंगल माल्टची — आतली मात्र दुकानातल्या खालच्या फळीवरची. दहा ठिकाणचं एकत्र करून विकतात ना, ती स्वस्तातली. सकाळी मीच नरसाळं लावून ओतली. ओट्यावर सांडलीसुद्धा.

का म्हणजे — गावातल्यांना काय, कबरीवरून गारठून आलेल्या माणसाला घशाखाली ऊब गेली की झालं. शेजारचा डूगी तर पुन्हा पुन्हा मागून प्यायला. पण तू एफीचा भाऊ. शवपेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी माझ्या हातात, पायाकडची तुझ्या, आणि तू माझ्या कोटाच्या विरलेल्या बाहीकडे बघत होतास. म्हटलं, ह्याला वाटायला नको की बहिणीनं माझ्या संसारात ओढगस्तीतच दिवस काढले. आता तेच वाटतंय ना? वाटणारच.

पण मी म्हणतो, इतकं तोंड वाकडं करायला काय झालं? दर उन्हाळ्यात तू इथे प्यायचास तीही हीच होती — हो, हीच! ग्लास उजेडात धरून म्हणायचास, "एफी, अशी माल्ट आमच्या साहेबाच्या घरी नाही गं!" आणि ती पाठ फिरवून उगाच किटली पुसत बसायची. तू येणार म्हटलं की आदल्या दिवशी हिचं सुरू — ह्या स्वस्तातलीत आयला बेटावरची ती धुरकट माल्ट चमचाभर, शेरी वाइनचे दोन थेंब, चाखायची, मान हलवायची, परत अर्धा चमचा. त्या धुरकट माल्टची कुपी शेजारणीला मोजे विणून देऊन मिळवलेली. म्हणायची, "माझ्या भावापुढे आपली मान खाली जायला नको, फिनले." मी शोधली रे कुपी, सगळी फडताळं शोधली, कुठे ठेवायची कोण जाणे —

काय झालं? असा का बघतोस?

अरे देवा... हे मी काय बोलून बसलो. इतकी वर्षं तिनं झाकलं, आणि मी — तिच्यावरची माती अजून ओली आहे, टॉर्किल. माझी अब्रू वाचवायला तिचीच घालवली मी. तू ऐकलंच नाहीस असं समज. समजशील?

आता ग्लास कशाला उचललास? नको. ठेव तो. माझी कीव करून पिऊ नकोस — अरे, ठेव म्हणतो ना!

संपवलास.

कोट घे तुझा. ओबनला जाणारी बोट तुझ्यासाठी थांबायची नाही. जा बाबा, जा आता.