एमाबाईंची भरलेली बॅग

हे कोणाला सांगायचं नव्हतं, तरी सांगते. वर्षभर शिकवायला परदेशातून आलेल्या एमाबाई आमच्याकडे भाड्याने राहतात. अख्खं पोंभुर्णा गाव आपल्यावर पाळत ठेवतं, असं त्यांना वाटायचं. बाहेर पडलं की जो तो विचारतो, "कुठी चालल्या, बाई?"

एकदा वैतागून त्या बॅग घेऊन निघाल्याच. मी मागोमाग.

स्टँडपर्यंत सात जणांनी विचारलं. "कायमची चालले" म्हणवेना, म्हणून त्या प्रत्येकाला म्हणाल्या, "इथीच."

आठवा कंडक्टर.

"कुठी, बाई?"

"इथीच."

"मंग गाडीत काऊन चढल्या?"

त्या उतरल्या.

बॅग मात्र भरलेलीच राहिली. शाळेतून आले की मी ती गुपचूप उचलून पाहते. काल पहिल्यांदाच ती हलकी लागली, म्हणजे बहुतेक त्यांनी—

"कुठी चालली वं, पोरी?"

थांबा, एमाबाईच हाक मारताहेत.