अमावास्येची सुट्टी

सुरतेतल्या उधन्याच्या दवाखान्यात तान्हीला मांडीवर थोपटत वनिता नंबरची वाट बघत होती. अमावास्या म्हणून कापडाचे लूम बंद, आणि नवरा सोबत्यांबरोबर डुमसला समुद्रात पोहायला गेलेला. मागच्या बाकावर दोघी बायका बोलत होत्या.

“चंपाबाई, आज सुट्टीची गर्दी, आणि डुमसची भज्यांची गाडी सोडून इथं?”

“अमावास्येला नाही लावत मी आता.”

“का वं माय?”

“मागच्या अमावास्येला लूमवरची पोरं आली, आपल्या खानदेशातली. म्हटलं, आत जाऊ नका रे, आज मोठी भरती. तर हसली. म्हणे, मावशी, आम्ही विहिरीत उड्या मारून वाढलो, हे तर गुडघाभर पाणी!”

“खरंच की. आपली पोरं म्हणजे मासे.”

“अगं, विहीर जागची हलते का? ओहोटीला पाणी लांब जातं, पोरं त्याच्या मागं चिखलातून चालत जातात. भरती लागली की आधी पाठीमागची खाडी भरते. समोर बघावं तर पाणी अजून लांबच, आणि मागं वळावं तर किनाराच तुटलेला.”

“अगं बाई! मग?”

“त्यांचे कपडे अजून माझ्या गाडीखाली आहेत.”

“आजची भरती कधी?”

“दुपारी.”

कंपाउंडरनं वनिताचा नंबर पुकारला. ती तान्हीला खांद्याशी घट्ट धरून उठली आणि मागं वळली.

“मावशी, डुमसची बस कुठून सुटते?”

चंपाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

“बस नको, पोरी. रिक्षा थांबव. मी येते.”