बंद केलेला रतीब

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या रुग्णांनो! रुग्ण म्हटलं म्हणून रागावू नका, तुमच्यापैकी निम्म्यांचे टॉन्सिल मी पाहिलेत.

आत्ता माझं बरंच कौतुक झालं. अणुभट्टीच्या अपघातात मी गावाला धीर दिला, असंही अध्यक्ष म्हणाले. तो धीर कसा दिला, तेवढं सांगतो आणि खाली बसतो.

भट्टीत गळती झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर कागद लागला: ‘दूध पिण्यास सुरक्षित आहे.’ खाली सही माझी. लोक घाबरता कामा नयेत, असा वरून हुकूम होता. पण सही करणारा हात कुणाचा होता? किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडतं, गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि लहान मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं, हे मला तोंडपाठ होतं.

त्याच संध्याकाळी मी आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींना म्हटलं, “दोन महिने रतीब नको. धाकट्याला दूध बाधतंय.” धाकटा ठणठणीत होता. एवढं खोटं निदान मी आयुष्यात दुसरं केलं नाही. वर मावशी दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन विचारतात, “बाळाला बरं आहे ना आता?”

चार वर्षांनी त्या आपल्या मुलीला घेऊन आल्या. गळ्याला गाठ. मी तपासत असताना म्हणाल्या, “साहेब, हिला दुधाचं कधी कमी केलं नाही हो. तुमचं दोन लिटर उरायचं, तेही हिलाच पाजायची. कागद तुम्हीच लावला होता ना, चांगलं आहे म्हणून.”

मी ऑपरेशनसाठी चिठ्ठी लिहून दिली. बाकी काही बोललो नाही. अठरा वर्षं बोललो नाही. मला लाज वाटते.

ती मुलगी आज आपल्याकडेच सिस्टर आहे. मघाशी पुष्पगुच्छ तिनंच दिला. मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मावशी, हे तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय. दाद मागायची असेल, तर साक्ष मी देईन. तो सहीचा कागद माझ्याकडे आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल, तर ते पोटात घाला. दुधाचं मात्र घालू नका. ती चूक नव्हती. मला माहीत होतं.