घसरणारी कोंबडी

“आजोबा, सोबत लहान मूल नाही, तरी कार्टून बघायला आलात?”

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात, थिएटरच्या रांगेत मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलं. त्यांच्या शेजारच्या आजीच बोलल्या.

“आमच्या लेकीनं, नायेलीनं केलाय सिनेमा!”

“केलाय कसला! मातीची कोंबडी केसभर हलवायची, फोटो काढायचा. दिवसाकाठी चार सेकंदांचा सिनेमा!”

“म्हणून दोन वर्षं बोलला नाहीस पोरीशी, एलिहिओ.”

“दंतवैद्यकी सोडली तिनं!”

“आणि आज तिसऱ्यांदा तिकीट?”

“कोंबडी अंड्यावरून घसरते ना, तेव्हा पोरं हसतात, त्यांच्या आज्याही हसतात.”

“आणि तू?”

“मी तर खुर्चीतून पडायचा बाकी होतो.”

“मग सांग की तिला!”

आजोबांनी खिशातून फोन काढला.

घरी गेल्या गेल्या मी जाहीर केलं, “आईबाबा, मी मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे करणार. आत्ता रागावून घ्या. हसायला नंतर तिकीट काढून या!”