कुंपणाच्या अल्याडचा आलेलुया

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनीही बसा, माझं बोलणं जरा लांबणार आहे.

फादर, तुम्ही मला बोला म्हणालात. चांगलं केलंत की वाईट, ते माझं झाल्यावर ठरवा. मला शाळा मिळाली नाही. जे वाचलं ते गुरांमागं वाचलं. पण जीभ कात्रीसारखी चालते. समोर शांतवनचा फोटो आहे. फोटोला हार आहेत. त्यातला सगळ्यात जाड हार माझ्या चुलतभावाचा, बाबारावचा. मी पाहिला. तुम्हीही पाहिला. रूथ, तू त्याची लेक, तूही पाहिलास, आणि तू मान फिरवलीस. बेटा, आज मान फिरवू नको. आज मी बोलतो.

ख्रिस्ती वस्तीतल्या लोकांना सगळं माहीत आहे, पण गावातून आणि आष्टीहून पाहुणे आले आहेत, म्हणून सांगतो. शांतवन मोसंबीचे डोळे भरायचा. जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपाची साल चिरायची, त्यात मोसंबीचा डोळा बसवायचा, पट्टी आवळायची आणि वाट पाहायची. आष्टीपासून शहागडपर्यंत किती बागांत त्याच्या हातची झाडं उभी असतील, देव जाणे. पानाला हात लावला की म्हणायचा, "तात्या, हे माझं लेकरू."

त्याचं दुसरं काम आलेलुयाचं. वस्तीतलं कुणी गेलं, पेटी खड्ड्यात उतरली, की पहिली मूठ पडायच्या आधी शांतवन मोठ्यानं म्हणायचा, आलेलुया. मग सगळे म्हणायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. परतताना त्याला म्हणालो, "माणूस गेलं आणि तुम्ही जयजयकार करून राह्यलात? जरा तरी लाज?"

तो हसला. म्हणाला, "तुम्ही तिरडीमागं 'राम बोला' म्हणता, ते काय आनंद झाला म्हून का, तात्या?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? आलेलुया म्हंजी देवाची स्तुती करा. मी करतो असं न्हाई, तुम्ही समदे करा. ज्याच्या घरचं गेलं त्याचा गळा दाटलेला असतो. त्याच्या वाटणीचं आपण म्हणायचं. म्हून तो शब्द एकट्याचा न्हाई. गाडं जसं एकट्यानं वर चढत न्हाई, तसं."

आणि हाच माणूस ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत, तो शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यांच्यात ती रीत आहे. त्या दिवसांत प्रार्थनेत नाही, गाण्यात नाही, मयतीतही नाही. ईस्टरला पुन्हा सुरू. मी विचारलं, देवाची स्तुती आणि तिला सुट्टी? म्हणाला, "चूल रोज पेटती म्हून तिची किंमत न्हाई कळत. चार दिस थंड राहू द्या, मंग बघा पहिला जाळ."

आता कुंपणाचं सांगतो.

वस्तीची मसणवट ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिची वाट बाबारावच्या वावराच्या कडेनं. आमच्या आज्याच्या आधीपासूनची वाट. बाबारावनं तिथं मोसंबी लावली. रोपं कुणाची? शांतवनची. डोळे कुणी भरले? शांतवननं. बाग मोठी झाली, फळ धरलं. भूकंपाच्या साली आंबेबहार गळाला, सड्यासारखा खाली पडला. तालुक्यात सगळ्यांचाच गळाला. पण त्याच्या आदल्या आठवड्यात त्या वाटेनं एक मयत गेली होती आणि वर मसणवटीत आलेलुया झाला होता. झालं. बाबारावनं ठरवलं, यांच्या ओरडण्यानं माझी मोसंबी गळते. तारेचं कुंपण घातलं. फाटकाला कुलूप.

शहाणा माणूस, कृषीवाल्यांच्या शिबिराला बदनापूरला जाऊन आलेला, आणि फळ कशानं गळतं तर म्हणे स्तुतीनं. बाबाराव, खाली बघू नको. कुंपण घातल्यावरही गळालं की. गेल्या साली गळालं, तेव्हा कुणाची मयत गेली होती तुझ्या बागेतून? तुझ्या अकलेची?

हसू नका मंडळी. मला हसू येत नाही.

पुढच्याच वर्षी सगुणा गेली. शांतवनची बायको, रूथची आई. उपासाचे दिवस होते. शांतवन फाटकाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबाराव मालक, आजच्या दिस उघडा. उपास चालूय, आलेलुया होणार न्हाई. गपचिप जातो." एवढा नमला तो. आणि हा काय म्हणाला? मी शेजारच्या बांधावर होतो, माझ्या कानानं ऐकलं. हा म्हणाला, "बायको गेली तर तुझ्या देवाचा आवाज बसला का रे?"

सगुणाला ओढ्यातून नेली. वेड्या बाभळीतून.

त्या ईस्टरला पहाटे मी बैलांना वैरण टाकायला उठलो, तर फाटकापाशी कंदील. शांतवन. बाबारावच्या घराकडं तोंड करून उभा. आणि त्यानं आवाज दिला. आलेलुया. सगळा शिवार जागा झाला. तेव्हापासून एकही ईस्टर त्यानं चुकवला नाही. ताप असो, पाय सुजलेले असोत, पहाटे कंदील फाटकाशी. गावानं त्याचं नावच आलेलुया पाडलं. पोरं मागून ओरडायची, तो वळून हात वर करायचा.

मी एकदा विचारलं, "त्याला कशाला ऐकवतोस? दगडावर पाणी."

तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी आज बाबारावसाठी राखून ठेवलं आहे. म्हणाला, "तात्या, आमच्या शास्त्रात अगदी शेवटाला एक मोठं शहर पडतं. गरिबाचं रक्त पिऊन माजलेलं शहर. ते जळतं, त्याचा धूर वर चढतो, आणि वर सर्गात समदे मिळून म्हणतात, आलेलुया. तो शब्द नुसता लग्नासणाचा न्हाई. न्याय झाला, त्या दिसाचा बी तोच शब्द हाय. मी बाबारावला ऐकवत न्हाई. मी आठवण देतो. त्याला न्हाई, वरच्याला."

फादर, तुम्ही मघाशी क्षमा करा म्हणालात. तुमचं ते काम आहे, तुम्ही सांगा. शांतवनचं मन मोठं होतं, तो करील. मी नाही करत. माझं मन उखळाएवढं आहे, आणि त्यात हे इतकी वर्षं कांडलं जातंय.

गावातल्या लोकांना माहीत आहे, बाबारावच्या बागेचं पाणी माझ्या वावरातून जातं. पाइपलाइनचा वॉल, पाणी सोडायची-तोडायची चावी, माझ्या बांधावर आहे. सगुणाला ओढ्यातून नेली त्या दिवशी मी पाना घेऊन वॉलवर गेल्तो, त्याचं पाणी तोडायला. शांतवन मागून आला, माझं मनगट धरलं. अंगात सुतकाची मरगळ, पण पकड अशी की अजून आठवते. "तात्या, न्हाई. झाडांनी काय केलंय? डोळे मी भरलेत." मी म्हणालो, तुझ्याच झाडांनी तुझी वाट अडवली. तो म्हणाला, "झाडं जिथं लावली तिथं उभी राहतात. माणसानं सरकावं."

प्रत्येक उन्हाळ्यात मी पाना काढला. प्रत्येक वेळी त्यानं परत ठेवायला लावला.

आता तोही उपासाच्या दिवसांतच गेला. वस्तीतले खांदेकरी इथं बसले आहेत, त्यांना विचारा. ओढ्यातून चार माणसं जोडीनं चालू शकत नाहीत. पेटी तिरपी करून, हातोहात, काट्यांतून नेली. एका जागी अडकली. रूथनं हातानं फांद्या मोडल्या. ते बघा तिचे हात. दाखव बेटा. दाखव तुझ्या या बाबारावकाकाला, जाड हार आणला आहे त्यानं.

आणि पेटी खाली उतरली तेव्हा आलेलुया नाही. ज्यानं साऱ्या वस्तीच्या मातीवर तो शब्द म्हटला, त्याच्या मातीवर कुणी म्हणू शकलं नाही. रीत ती रीत. पलीकडं तारेतून कोवळ्या मोसंबीचा वास येत होता. त्याच्या लेकरांचा.

बाबाराव, आता माझ्याकडं बघ. तू माझ्या काकाचा मुलगा. लहानपणी तुला खांद्यावर बसवून जत्रेला नेलाय मी. म्हणून चारचौघांत सांगतो, नंतर म्हणू नको की तात्यानं पाठीमागून वार केला. तुझा हार उद्या सुकेल. मला हार नको, फाटकाची किल्ली पाहिजे. आंबेबहार धरलाय तुझा, फळ आता लिंबाएवढं आहे, आणि उन्हाळा तोंडावर आहे. पाना माझ्या उशाशी आहे. मनगट धरणारा राह्यला न्हाई.

ईस्टरच्या पहाटे कंदील घेऊन मी येणार. मी हिंदू आहे, माझ्या देव्हाऱ्यात माझे देव आहेत, ते मला समजून घेतील. वस्तीही येणार. रूथ पुढं असेल. शांतवनच्या वाटणीचा आलेलुया बाकी आहे, तो त्या पहाटे होणार म्हणजे होणार. फाटकातून जाऊन सगुणाच्या आणि त्याच्या मातीजवळ उभं राहून म्हणायचा, की तुझ्या तारेच्या अल्याड उभं राहून, तुझ्या घराकडं तोंड करून, वरच्याला आठवण देत म्हणायचा, एवढंच तुझ्या हातात आहे. तारेच्या अल्याड म्हणावा लागला, तर तिथून मी सरळ वॉलवर जाईन. आणि मग तुझी मोसंबी गळाली, तर ती कशानं गळाली हे साऱ्या तालुक्याला कळेल.

झालं माझं. आता उठा सगळे. फादर, तुम्हीही. शोकसभेत दोन मिनिटं गप्प उभं राहायचं असतं, मग चपला शोधायच्या असतात. आज तसं नाही. शांतवनसाठी आज जे गप्प व्हायचं ते त्या पहाटेपर्यंत. घरी जा, कामाला लागा, बोला, भांडा, पण तो एक शब्द ओठाआड धरून ठेवा. पोरांनो, तुम्हीही. त्याच्यामागं ओरडायचात ना, आता ओरडू नका.

बाबाराव, तूही उभा रहा. मधे उभा रहा, सगळ्यांच्या.

आता गप्प.