साडेदहाचं भाष्य

[ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य. फळबागांच्या गावातलं एक छोटं ख्रिस्ती रेडिओ केंद्र. शुक्रवार, सकाळचे दहा वाजलेत. केंद्र चालवणारी ग्लेनिस आणि दर शुक्रवारी साडेदहाला भाष्य करणारे सत्तरीतले बागायतदार डेस ट्रेथवी.]

ग्लेनिस : दोनच ओळी आहेत, डेस. वाचा आणि मोकळे व्हा.

डेस : वाचल्यात मी. "आमच्या भाष्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील, तर आम्हाला खेद आहे." हे माझं वाक्य नाही. वकिलाचं आहे.

ग्लेनिस : वकिलाचंच असणार. त्याच्यासाठीच तर त्याला गाठलाय.

डेस : दोन वर्षं ह्या माईकपुढे बसून मी काय सांगतोय? धर्मनिंदेविरुद्धचा हा नवा कायदा एक दिवस प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावेल. आणि आज किल्ली मीच नेऊन देऊ?

ग्लेनिस : भाषण नको. माईक बंद आहे अजून.

डेस : मंगळवारी मेलबर्नला आयोगापुढे समेटाची दुसरी बैठक. नाही झाला समेट, तर पुढे न्यायाधिकरण. जाईन मी. टाका म्हणावं तुरुंगात.

ग्लेनिस : ह्यात तुरुंग नाहीच आहे! फार तर माफी मागायला लावतील. तुम्हाला उगीच साखळदंड दिसतायत.

डेस : आणि तुला काय दिसतंय?

ग्लेनिस : मला हे केंद्र दिसतंय. सहा माणसं, त्यातली चार फुकट राबणारी. गळकं छप्पर. आणि डेस, वकील म्हणतो, धर्मावरची प्रामाणिक चर्चा ह्या कायद्यालाही चालते. पण प्रामाणिक होती हे दाखवावं लागेल. ते वाक्य तुम्ही कशावरून बोललात, हे तो मला तीनदा विचारून बसलाय. आता मी तुम्हाला विचारते... थांबा. दार कोण वाजवतंय?

डेस : टपालवाला असेल.

ग्लेनिस : टपालवाला नाही. लिरिये आहे. तुमच्या शेजारच्या नेजिप मेमेतींची मुलगी.

डेस : ती? तक्रार करणारीच थेट दारात?

ग्लेनिस : तुम्ही तोंड उघडू नका. ये, लिरिये. म्हणजे, येऊ नकोस खरं तर. वकिलांशिवाय एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलंय.

लिरिये : आता चालेल. हा कागद वाचा.

ग्लेनिस : "मी, लिरिये मेमेती, माझी तक्रार मागे घेत आहे." अगं... म्हणजे संपलं?

लिरिये : आयोगाकडचं संपलं. काल पोचवला मी हा कागद.

डेस : प्रभूचे आभार!

लिरिये : त्याला मध्ये घेऊ नका, मिस्टर ट्रेथवी. मागे मी घेतलीय.

डेस : म्हणजे तुलाही पटलं तर. कायदा चुकीचाच आहे.

लिरिये : मुळीच नाही. कायदा हवाच. ज्याच्यापुढे माईक नाही त्याला कुठंतरी दाद मागता आली पाहिजे. तुमच्यापुढे माईक आहे. माझ्यापुढे काय आहे? फळा.

डेस : मग मागे का घेतलीस?

लिरिये : त्या पहिल्या बैठकीमुळे. दोन तास चालली, त्यातला सव्वा तास कशावर गेला आठवतं? 'तर' ह्या शब्दावर. दुखावल्या असतील 'तर'. माझी वकीलबाई म्हणत होती काढा, तुमचे म्हणत होते ठेवा. आणि प्रत्येक प्रश्नाला तुम्ही आधी वकिलाच्या तोंडाकडे बघत होतात. मला ते बघवेना.

डेस : रीतच आहे तशी.

लिरिये : आमच्या स्वयंपाकघरात बसायचात तेव्हा नव्हती ही रीत. येशू देवाचा पुत्र की पैगंबर, ह्यावरून तुम्ही आणि बाबा टेबल बडवायचात. आई म्हणायची, बुरेक गार होतोय, आधी तो खा, देव कुठे पळून जात नाही.

डेस : तुझा बाबा ऐकून घ्यायचा. ऐकवायचाही सणसणीत.

लिरिये : म्हणून सांगते, मतावर मी तक्रार केलीच नव्हती. आमचा धर्म चुकीचा आहे म्हणा, रोज सकाळी उठून म्हणा. पण तुम्ही ते म्हणाला नाहीत. ग्लेनिस, काय म्हणाले होते हे? टेप असेल ना?

ग्लेनिस : टेप कशाला, पाठ झालंय मला. "आपल्याच गावात, मशिदीमागच्या सभागृहात, दर शनिवारी लहान मुलांना शिकवलं जातं, की ख्रिस्ती शेजाऱ्याशी खोटं बोलणं हे पुण्य आहे."

लिरिये : गावात मशिदीमागे सभागृहं किती?

डेस : मी तुझं नाव घेतलं नव्हतं.

लिरिये : सभागृह एक. शनिवारचा वर्ग एक. शिकवणारी एक. नाव कशाला घ्यायला हवं? त्या शनिवारी मी फळांची नावं घेत होते. आमच्या भाषेत, अल्बेनियनमध्ये. नातवंडांना आजीशी धड बोलता येत नाही, म्हणून चालवते मी तो वर्ग. दार्ध म्हणजे नाशपाती. काईसी म्हणजे जर्दाळू. हे आमचं कारस्थान!

डेस : मी सर्वसाधारण बोलत होतो...

लिरिये : सोमवारी सभागृहाच्या भिंतीवर कुणीतरी लिहून गेलं, 'खोटारड्यांची शाळा'. बुधवारी माझ्या सरकारी शाळेत तीन पालकांची पत्रं आली, आमची मुलं हिच्या हाताखाली नकोत. अकरा वर्षं शिकवतेय मी तिथं. मुख्याध्यापक म्हणाले, एक सत्र वाचनालयात बसा, निवळेल सगळं. दोन सत्रं झाली. पुस्तकांना शिक्के मारतेय.

डेस : हे मला माहीत नव्हतं. आणि भिंत काही मी रंगवली नाही, पोरी.

लिरिये : नाही. रंग तुम्ही दिलात.

ग्लेनिस : लिरिये, बस ना. चहा घेतेस?

लिरिये : नको. शाळेतून तासाभराची रजा काढून मी एकच गोष्ट विचारायला आलेय. आता आयोग नाही, वकील नाही, 'तर' नाही. मिस्टर ट्रेथवी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

डेस : एक पत्र आलं होतं.

लिरिये : कुणाचं?

डेस : सही नव्हती.

लिरिये : मग कुणाला विचारलंत? बाबांना? तुमच्या फाटकातून आमचं फाटक दिसतं.

डेस : नाही विचारलं.

लिरिये : का?

ग्लेनिस : डेस, बांधील नाही आहात तुम्ही उत्तर द्यायला.

लिरिये : नाहीतच. म्हणून तर विचारतेय.

डेस : ...विचारलं असतं तर ते खोटं निघालं असतं.

ग्लेनिस : डेस!

डेस : बोलू दे मला. ते पत्र हातात धरलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. नेजिपची पोरगी असलं शिकवणार नाही, हे का मला कळत नव्हतं? पण मला ते खरं असायला हवं होतं. क्षमेवर मी चार शुक्रवार बोललो, लिरिये. पत्रं आली दोन. त्यातलं एक, तुमचा माईक खरखरतो म्हणून. आणि तुम्हा लोकांवर बोललो, त्या आठवड्यात टपालवाल्यानं पोतं आणून टाकलं ह्या दारात. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी चौदा डोकी असतात. माझी बेरिल गेल्यापासून घरी गेलो की किटलीशिवाय कुणाचा आवाज नाही. आणि इथं फोन थांबायला तयार नाही. मला वाटलं, देवच बोलतोय.

लिरिये : देव सही न करता पत्र लिहितो?

डेस : मार टोमणे. मार. हक्क आहे तुझा.

ग्लेनिस : मग मलाही एक मारून घे. मी ते भाष्य त्याच आठवड्यात आणखी तीनदा लावलं. लोक मागत होते म्हणून. मीही कुणाला विचारलं नाही.

लिरिये : तुम्ही लावलंत हे मला ठाऊक होतं. केशकर्तनाच्या दुकानात रेडिओ चालू होता, तिथंच बसले होते मी. अर्धे केस कापून झालेले. उठताही येईना.

ग्लेनिस : साडेदहाला सहा मिनिटं आहेत.

लिरिये : जाते मी. उत्तर मिळालं.

डेस : थांब जरा. तू काय केलंस, तुला कळतंय का? मंगळवारी मी उभा राहणार होतो. सगळं लिहून ठेवलंय, अकरा पानं. पेपरवाले येणार होते. तू माझं न्यायालयच काढून घेतलंस.

लिरिये : हो. माफी कायद्यानं मागायला लावली असती, तर ती कायद्याची झाली असती. मला ती घेऊन काय करायचंय? आता तुम्हाला बोलायला कुणी लावत नाही. गप्प बसायलाही कुणी लावत नाही. दोन वर्षं हेच तर मागत होतात ना?

ग्लेनिस : डेस, मी भजन लावते. आजचं भाष्य नाही म्हणून सांगते.

डेस : काही लावू नकोस. तो वकिलाचा कागद काढ माझ्यासमोरून.

ग्लेनिस : वकिलानं कळकळून सांगितलंय, त्या दोन ओळींपलीकडे अवाक्षर नको.

डेस : काढ म्हणतो ना. आणि लाल दिवा लाव.

ग्लेनिस : देवा रे. बरं. तीन... दोन... बोला.

डेस : सुप्रभात, श्रोतेहो. मी डेस ट्रेथवी. आज... आज माझ्यापुढे कागद नाही. फेब्रुवारीत, जर्दाळू संपून नाशपातीची तोडणी चालली होती तेव्हा, मी इथून एक गोष्ट सांगितली. आपल्या गावातल्या मुसलमान मुलांना शनिवारी खोटं बोलायला शिकवतात, अशी. ते खोटं होतं. एका निनावी पत्रावरून बोललो मी. ज्यांना विचारायचं ते माझ्या फाटकासमोर राहतात, आणि मी विचारलं नाही, कारण... कारण मला तुमचे फोन हवे होते. तिथं मुलांना फळांची नावं शिकवतात. शिकवणाऱ्या बाईंचं नाव लिरिये मेमेती. मी माझ्या शेजारणीविरुद्ध खोटी साक्ष दिली, आणि तिची शाळा तिच्यापासून तुटली. मला तिची माफी मागायची आहे. त्यात 'तर' नाही. कायद्याबद्दल माझं मत होतं तेच आहे. माझी चूक कायद्यानं ठरत नाही, ती आधीच झाली होती. एवढंच.

ग्लेनिस : ...डेस, टटूराहून क्लाइव आहेत फोनवर. घेऊ?

डेस : घे.

क्लाइव : डेस, गड्या! ऐकलं आम्ही. आणि समजलो.

डेस : काय समजलास, क्लाइव?

क्लाइव : लिहून दिलं ना तुला? सरकारी माणूस बसलाय ना समोर?

डेस : समोर ग्लेनिस बसलीय. तक्रारसुद्धा कालच मागे घेतली गेली. मला कुणीही सांगितलेलं नाही.

क्लाइव : असंच म्हण असं सांगितलं असणार. धीर सोडू नकोस.

डेस : अरे, मी माझ्या मनानं बोललो. आज पहिल्यांदा, म्हण हवं तर.

क्लाइव : गड्या, तूच नाही का म्हणालास, गेल्या हिवाळ्यात? एक दिवस ह्याच माईकवरून मला माफी मागताना ऐकाल, तेव्हा समजा की माझ्या पाठीला बंदूक लागलीय. माझ्या बायकोनं लिहून फ्रिजवर लावलंय ते.

डेस : ...म्हणालो होतो.

क्लाइव : मग? आम्ही काय खुळे आहोत? ह्या रविवारी आमची सगळी मंडळी तुझ्यासाठी उपवास धरणार.

डेस : उपवास नको, क्लाइव. तुझ्या भावाच्या सुनेची पोरं लिरियेच्याच शाळेत आहेत ना? तिनं शाळेला पत्र लिहिलंय का, ते विचार. लिहिलं असेल तर परत घ्यायला सांग.

क्लाइव : बघा, बघा! हेसुद्धा वदवून घेतलं. देव तुला बळ देवो, डेस.

डेस : क्लाइव? हॅलो?

ग्लेनिस : ठेवला त्यांनी. गाणं लावलंय मी. दिवा बंद आहे, बोला हवं ते.

डेस : लिरिये. तू अजून इथंच?

लिरिये : काचेपलीकडून ऐकलं.

डेस : त्याला पटलं नाही.

लिरिये : नाही.

डेस : खोटं होतं ते एका दमात पटलं.

लिरिये : ते तुम्ही छान सांगितलं होतंत. आज अडखळलात.

ग्लेनिस : चार फोन लागून राहिलेत. तिघं टटूराचेच. चौथ्या बाई म्हणतायत, आमच्या डेसला काय केलंत.

डेस : एकेक जोड. सगळ्यांना हेच सांगतो. जेवायच्या वेळेपर्यंत सांगतो.

ग्लेनिस : आणि पुढच्या शुक्रवारी?

डेस : पुढच्या शुक्रवारी पुन्हा. लिरिये, आणि तुझ्या शाळेत मी स्वतः जातो. मुख्याध्यापकांच्या पुढ्यात उभा राहतो.

लिरिये : जा. ते तीनपर्यंत भेटतात. माझ्याबरोबर नका येऊ, एकटे जा.

डेस : शनिवारी किती पोरं असतात गं आता?

लिरिये : एकवीस होती. सहा आहेत.

डेस : उद्या मी येऊ का? भिंत तरी रंगवून देतो.

लिरिये : भिंत बाबांनी केव्हाच रंगवली. दोन हात द्यावे लागले.

डेस : मग नुसता येतो. मागच्या बाकावर बसेन, पोरांशी चार शब्द बोलेन. ती कुठे मला ओळखतात? त्यांच्या लेखी मी कुणी म्हातारा बागवाला.

लिरिये : नका येऊ, मिस्टर ट्रेथवी.

डेस : अगं, चेहरासुद्धा पाहिला नसेल त्यांनी माझा.

लिरिये : चेहरा नाही पाहिला. आवाज ओळखतात.